हंस बुडी मारतो तेव्हा

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगाव-डिकसळच्या पट्ट्यात, थंडीतल्या सकाळी पट्टकदंब हंसांची आंघोळ चालते ती एकदा बघावी. रात्र हरभऱ्याच्या नाहीतर गव्हाच्या रानात चरून काढलेली असते. थवा पाण्यावर उतरतो आणि थोडा वेळ नुसता तरंगत राहतो. मग एखादा हंस मान पाण्यात खुपसून झटक्यात वर काढतो, पाणी पाठीवरून ओघळून जातं. दुसऱ्या खेपेला तो पंखही आपटतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पुढे झेपावून चक्क कोलांटी घेतो. नारिंगी पाय क्षणभर आभाळाकडे होतात आणि हंस दिसेनासा होतो. दोन-तीन सेकंदांनी चार हात पलीकडे, पंख अर्धवट उघडे ठेवूनच तो वर येतो आणि आल्या आल्या पुन्हा बुडी मारतो. शेजारच्यालाही तेच सुचतं. बघता बघता सगळा थवा उलटापालटा होतो, पाण्याचा फेस होतो, आणि थोड्या वेळाने सगळे काठाला लागून निवांत चोचीने पिसं नीट करत बसतात.

होडीतल्या पाहुण्यांना वाटतं, हंस मासे पकडतायत. पण हंस जवळजवळ पूर्ण शाकाहारी. गवत, धान्याचे कोंब, पाणवनस्पतींची मुळं आणि कंद हा त्याचा आहार. पाण्यातलं खाणं हवं असेल तर तो शेपूट वर करून उभा होतो आणि लांब मान तळापर्यंत पोचवतो. तेवढ्याने त्याचं भागतं. पोटासाठी बुडी मारायची त्याला गरज नाही, आणि त्याचं शरीरही त्यासाठी घडलेलं नाही. मग तो बुडी का मारतो?

मी राहतो नवी मुंबईत. इथे हंस क्वचितच. त्यांचा हिवाळी मुक्काम घाटावरच्या गोड्या पाण्यावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडीवर, उजनीवर, निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर. तरीही हंसाच्या बुडीने जो प्रश्न उभा केला, त्याचं उत्तर मला पाम बीच रोडलगतच्या तळ्यांच्या काठी उभं राहूनच नीट कळत गेलं. पाण्यावर कोण तरंगतो, कोण बुडतो, कोण नुसता उभा राहतो, आणि पाणी वाढलं किंवा आटलं की कुणाचं काय होतं, हे सगळं या शहरात हाताच्या अंतरावर चाललेलं असतं. आणि त्यावर या शहराचं एक मोठं कर्तव्यही अवलंबून आहे. पण आधी हंस.

पक्ष्याला पाण्याखाली जाणं अवघड का जातं? त्याचं सारं शरीर हवेने भरलेलं असतं. हाडं पोकळ, फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या पोटापर्यंत पसरलेल्या, आणि वर पिसांच्या थरात अडकलेली हवा. शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना चोळून हंस आपला अंगरखा जलरोधक ठेवतो. म्हणूनच तो पाण्यावर बुचासारखा तरंगतो, आणि म्हणूनच खाली जाऊ पाहिला की पाणी त्याला वर ढकलतं. गंमत अशी की ही ढकल सर्वांत जोरदार असते ती उथळ पाण्यात. खोल जावं तसा पाण्याचा दाब वाढतो आणि पिसांतली, पिशव्यांतली हवा आवळली जाते. दहा मीटर खाली ती निम्मी होते. वरच्या हात-दोन हातांत मात्र ती जवळपास पूर्ण फुगलेली असते. म्हणजे हंस जिथे बुडी मारतो, नेमकी तीच सर्वांत कष्टाची जागा.

शिवाय पाय. हंस चालणारा पक्षी आहे, बराच वेळ तो जमिनीवर चरतो. त्यामुळे त्याचे पाय शरीराच्या मध्याजवळ असतात, तोल सांभाळायला सोयीचे. पाण्याखाली रेटा द्यायचा तर पाय मागे, शेपटीजवळ असायला हवेत.

तरीही तो बुडी मारतो, म्हणजे कारण तसंच असलं पाहिजे. बदकं आणि हंस यांच्या वागण्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत ऑस्कर हाइनरोथ यांनी सुरू केला. पुढे कोनराड लोरेन्झ कलहंसांच्या पिल्लांबरोबर अक्षरशः राहिले; त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं ते निको टिंबर्गन आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत. १९६५ मध्ये फ्रँक मॅकिनी यांनी या कुळातल्या पक्ष्यांच्या अंग झटकणं, पिसं साफ करणं, आंघोळ करणं अशा हालचालींवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. कोलांटी आणि बुडी ही त्यात आंघोळीची हालचाल म्हणूनच येते. पिसांच्या मुळापर्यंत पाणी पोचावं, धूळ आणि उवा निघाव्यात, पिसांची विस्कटलेली वीण पुन्हा जुळून यावी, हा तिचा उपयोग. पण तेवढ्यासाठी सगळ्या थव्याने एकदम उधळायचं कारण काय? मला तरी उजनीवरची ती धांदल बघताना त्यात निव्वळ आनंद दिसतो, आणि असं म्हणायला मी कचरत नाही. पोट भरलेलं आहे, ऊन पडलंय, आसपास धोका नाही. धोक्याच्या सावटाखाली असलेला थवा अशी आंघोळ करत नाही, तो माना ताठ करून बसतो.

हंसाची दुसरीही एक बुडी आहे, आणि ती महाराष्ट्रात सहसा बघायला मिळत नाही. हंस वर्षातून एकदा उडायची सगळी पिसं एकदम टाकतो. नवी पिसं येईपर्यंत सुमारे महिनाभर त्याला उडताच येत नाही. पट्टकदंबाचा हा काळ येतो उन्हाळ्यात, विणीच्या प्रदेशात, म्हणजे मंगोलिया, तिबेटचं पठार किंवा आपल्या लडाखमधलं त्सो मोरिरी अशा तलावांकाठी. सोबत पिल्लं असतात, तीही न उडणारी. अशा वेळी कोल्हा आला की सगळं कुटुंब पाण्यात धावतं, आणि वरून गरुड झेपावला की बुडी मारतं. पिल्लं तर अंड्याबाहेर आल्यावर काही दिवसांतच सफाईने बुडी मारतात. वर येताना नुसती चोच आणि डोकं काढून मान पाण्यालगत सपाट ठेवायची, हीही युक्ती हंसांना ठाऊक असते. आपल्याकडे ते येतात तेव्हा पंख नवे कोरे असतात आणि धोका दिसला की उडून जाता येतं. म्हणून आपल्या वाट्याला त्यांची खुशीतली बुडी येते, भीतीतली नाही.

आता या पक्ष्याच्या रक्ताकडे बघा. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतो. पाठीवर यंत्रं लावून केलेल्या अभ्यासांत त्याने गाठलेली उंची ७ हजार मीटरच्या वर नोंदली गेली आहे. तिथल्या विरळ हवेत पंख मारता यावेत म्हणून त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिजन घट्ट धरून ठेवणारा बदल झालेला आहे. एवढा प्राणवायूचा धनी, पण पाण्याखाली दोन-तीन सेकंदांत वर. कारण विरळ हवेतून ऑक्सिजन ओढणं वेगळं आणि श्वास रोखून साठ्यावर जगणं वेगळं. पाणबुड्या पक्ष्यांच्या स्नायूंतच ऑक्सिजनचा मोठा साठा असतो. पण बुडीची काही शिदोरी तरंगणाऱ्यांकडेही आहे. बदकाला पाण्याखाली धरलं की त्याच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७० मध्येच नोंदवलं होतं. जो पक्षी पोटासाठी खोल जात नाही, त्याच्याही शरीरात ही सोय कायम आहे. एरवी वापरायची नाही, पण जिवावर बेतलं तर आहे.

आता नवी मुंबई. हे शहर भरतीच्या पाण्याच्या पातळीशी झगडत उभं राहिलं आहे. आगरी-कोळ्यांच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या खारजमिनीला बांध घातले, बांधाला उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, ठेवली, आत भात आणि मीठ पिकवलं. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. पुढे शहर वसवताना तत्त्व तेच, प्रमाण मात्र मोठं: पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव, आणि खाडीच्या तोंडाला भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी दारं. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत हे तलाव आहेत, आणि त्यांत कांदळवन माजलं आहे. शहराची पुरापासून राखण करायला खणलेली ही पाणथळ पक्ष्यांनी कधीच आपली केली.

इथला खरा पाणबुड्या बघायचा तर टिबुकली. मुठीत मावेल एवढा तपकिरी पक्षी. बघता बघता गुडूप होतो, आपण जिथे नजर लावतो तिथे वर येत नाही. पंधरा-वीस सेकंदांनी भलतीकडेच डोकं काढतो. टिबुकलीचे पाय इतके मागे असतात की जमिनीवर तिला धड उभंही राहता येत नाही. बोटांना पडदा नाही. प्रत्येक बोटाला स्वतंत्र रुंद पाळी असते, जी पाणी मागे ढकलताना पसरते आणि पाय पुढे घेताना मिटते. संशय आला तर ती बुडी न मारता नुसती खाली खाली जाते. पिसं अंगाशी आवळून त्यांतली हवा काढून टाकली की शरीर आपोआप जड होतं. हंसाला जे जमत नाही ते नेमकं हे. तिचं घरटंही तरंगतं, आणि घरटं सोडताना अंड्यांवर ती ओलं शेवाळ-गवत ओढून ठेवते. काठावरून तो कचऱ्याचा पुंजका वाटतो.

पाणकावळ्याने वेगळाच मार्ग धरला. त्याच्या पिसांचा बाहेरचा भाग पाणी पितो, आतला भाग कोरडा राहतो. भिजल्याने तरंगण्याची ताकद घटते आणि बुडी सोपी होते. मग विजेच्या खांबावर, खाडीतल्या मासेमारीच्या खुंटावर पंख पसरून वाळवत बसणं ओघानेच आलं. वाशीच्या पुलावरून जाताना लोकलच्या खिडकीतूनही हे पंख पसरलेले पाणकावळे दिसतात. चारही बोटं एकाच पडद्याने जोडलेली, पाय मागे, चोचीला आकडा. माशांचा घोळका असला की पंचवीस-पन्नास पाणकावळे एकाच रेषेत पुढे सरकत बुड्या मारतात, आणि वर उसळलेल्या माशांवर बगळे टपून असतात.

थंडीत येणारं थापट्या बदक हंसाच्या बाजूचं, तरंगणाऱ्यांतलं. त्याची चोच फावड्यासारखी रुंद. दहा-वीस थापटे एकमेकांच्या शेपटीमागे चोच लावून गोल गोल फिरतात. पायांनी ढवळलेल्या पाण्यातला जीवसृष्टीचा गाळ वर येतो आणि पुढच्याने हलवलेलं पाणी मागचा गाळून घेतो. बुडी न मारता तळ वर आणायची ही रीत बघायला मला कधी कंटाळा येत नाही.

आणि मग फ्लेमिंगो, ज्यांच्या नावाने हे शहर आता स्वतःला मिरवतं. साधारणपणे नोव्हेंबरपासून जूनपर्यंत ठाणे खाडीत लाखाच्या घरात फ्लेमिंगो असतात, त्यांत बहुसंख्य लहान फ्लेमिंगो. खाडीच्या पश्चिम काठावरचा भाग ६ ऑगस्ट २०१५ ला अभयारण्य झाला, ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र उभं राहिलं, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. आपल्या मनातलं फ्लेमिंगोचं चित्र म्हणजे उथळ चिखलात लांब पायांवर उभा असलेला, डोकं उलटं करून चरणारा पक्षी. पण फ्लेमिंगो पोहतो. त्याच्या पायाची पुढची तीन बोटं पडद्याने जोडलेली आहेत, हे चिखलात ती बुडालेली असल्याने आपल्या लक्षात येत नाही. भरती चढत गेली आणि पाय पुरेनासे झाले की तो सहज अंग पाण्यावर टेकतो आणि वल्हवू लागतो. पाय दिसत नाहीत, फक्त गुलाबी अंग आणि मानेचा बाक. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो हंसच वाटतो.

पोहतानाही लहान फ्लेमिंगोचं खाणं चालू राहू शकतं, कारण तो पाण्याच्या वरच्याच थरातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. त्याची जीभ सेकंदाला वीसएक वेळा पंपासारखी मागेपुढे होते आणि चोचीतल्या बारीक कंगव्यांमधून पाणी बाहेर पडतं. मोठ्या फ्लेमिंगोचं अन्न मात्र तळाशी. पाणी खोल झालं तर त्याला बदकासारखं उलटं होऊन, शेपूट वर करून मान खाली घालावी लागते. मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवून दिलं की फ्लेमिंगो पाण्यात मुद्दाम भोवरे उठवतो. पाय आपटून गाळ उसळवतो, डोकं झटक्यात वर खेचून भोवरा तयार करतो आणि त्यात फिरणारे बारीक जीव टिपतो. हे सारं जमतं ते पाय तळाला टेकत असतील तोवर. बुडी मात्र त्याला जमत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. जनुकांच्या अभ्यासातून गेल्या पंचवीसेक वर्षांत हे स्पष्ट झालं आहे की फ्लेमिंगोचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक बगळा नाही, बदकही नाही. तो आहे टिबुकलीचं कुळ. एकाच मूळ पूर्वजाची दोन घराणी, एक बुडणारं आणि एक उभं राहणारं, कधी कधी नवी मुंबईतल्या एकाच पाण्यात समोरासमोर असतात. टिबुकलीला पाणी चार हात वाढलं तरी फरक पडत नाही. फ्लेमिंगोचं सगळं गणित मात्र गुडघाभर पाण्याचं.

आणि गुडघाभर पाणी कुठे असेल हे खाडी दिवसातून दोनदा बदलते. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो, तिथे फ्लेमिंगो चरतात. भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो. उधाणाच्या दिवसांत तर पाणी तिवरांच्या शेंड्यांना भिडतं. तेव्हा पक्षी उडतात आणि खाडीलगतच्या उथळ तळ्यांत येऊन थांबतात: नेरूळच्या टी. एस. चाणक्य संस्थेमागचं आणि एनआरआय वसाहतीजवळचं पाणथळ, सीवूड्सचं डीपीएस तळं, उरणकडे पाणजे आणि भेंडखळ. सोबत पाणटिवळे, चिखले, तुतारी असे बोटभर पाण्यात चालणारे हजारो छोटे पक्षीही येतात, ज्यांना पोहून वेळ मारून नेणं परवडत नाही. भरतीचे ते काही तास कुठे काढायचे, हा या साऱ्यांच्या जगण्याचा प्रश्न आहे. ओहोटीची खाडी कितीही सुरक्षित केली आणि भरतीची तळी घालवली, तर अभयारण्य अर्धंच उरतं.

इथेच उघाडीचं महत्त्व कळतं. डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी येण्याचे मार्ग बुजले तेव्हा काय झालं ते २०२४ च्या उन्हाळ्यात सगळ्यांनी पाहिलं. तळं आटलं, चिखल तडकला, शेवाळाचे थर साचले, आणि त्या परिसरात अनेक फ्लेमिंगो मेले. नागरिकांनी मेणबत्त्या लावल्या, मानवी साखळ्या केल्या, तक्रारी केल्या. पाणी येतं-जातं राहिलं तर तळं जिवंत, एवढी साधी बाब समजावून सांगायला इतकी धावाधाव करावी लागली याचं मला आजही वाईट वाटतं. त्याच उन्हाळ्यात, २० मे २०२४ च्या रात्री, घाटकोपरवर मुंबईला उतरणाऱ्या विमानाला फ्लेमिंगोंचा थवा धडकला आणि तीसहून अधिक पक्षी मेले. एका घटनेचं खापर दुसरीवर फोडायला माझ्याकडे पुरावा नाही. पण बसायची जागा गेली की पक्षी हवेत जास्त काळ राहतात, एवढं कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्‌घाटन झालं आहे. त्यामुळे तळी राखणं हा आता विमानातल्या माणसांच्याही सुरक्षिततेचा विषय झाला.

काही चांगलंही घडलं. एनआरआय-चाणक्यच्या पाणथळीवर गोल्फ मैदान करायचा बेत २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रोखला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला २०२५ मध्ये राज्याची मान्यता मिळाली. साधारण तीस एकरांचं हे तळं. पण राखीव क्षेत्राचा फलक लागला म्हणजे तळ्यात पाणी येतं असं नाही. कागदावर तळं वाचतं, पक्ष्याला वाचवते ती पाण्याची पातळी. खूप आटलं तर चिखल कडक होऊन चोच आत जात नाही, आणि कुत्री पायी पक्ष्यांपर्यंत पोचतात. पाणी कोंडून ठेवून खूप वाढवलं तर छोटे चिखलपक्षी बेघर होतात, मोठ्या फ्लेमिंगोला अन्न पुरत नाही, आणि आपण काठावरून पोहणाऱ्या फ्लेमिंगोंचे फोटो काढत खूश होतो. फ्लेमिंगो तासन्‌तास पोहताना दिसले तर तळ्यातलं पाणी त्यांच्या पायांना जास्त झालेलं असतं, आणि हे बघणाऱ्याने कुणाला तरी कळवायला हवं.

पक्ष्याच्या वेगळ्या वागण्याकडे नवलाई म्हणून बघायची सवय आपल्याला लागली आहे. उजनीवरचा कोलांट्या मारणारा हंस मोबाइलवर येतो आणि पुढे ढकलला जातो. पण प्रत्येक वेगळ्या हालचालीमागे पाणी, पिसं, भीती, भूक यांपैकी काहीतरी असतं, आणि ते वाचता आलं तर तळ्याची तब्येत कळते. टिबुकली दिसते म्हणजे बुडी मारण्याइतकं आणि मासे-किडे असलेलं पाणी आहे. थापटे गोल फिरतायत म्हणजे पाण्यात बारीक जीव आहेत. चिखले धावतायत म्हणजे काठ उतरता आणि उघडा आहे. फ्लेमिंगो डोकं उलटं करून एका जागी संथ चरतायत म्हणजे पाणी योग्य आहे.

माझी मागणी साधी आहे, आणि ती महापालिका, सिडको आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष या तिघांकडेही आहे. डीपीएस, चाणक्य, एनआरआय, पाणजे, प्रत्येक तळ्यात एक मोजपट्टी उभी करा, आकडे लांबून वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांत. ऑक्टोबर ते जून रोजची पातळी आणि उघाडी उघडी आहे की बंद, हे काठावरच्या फलकावर लिहा. त्याला फार खर्च नाही. आणि वाचकांनो, या हिवाळ्यात भरतीचं वेळापत्रक बघून भरतीच्या तासाभर आधी तळ्यावर जा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज धरू नका. पट्टी लागली असेल तर आकडा टिपून ठेवा. लागली नसेल तर त्याच दिवशी महापालिकेला लिहा.